ऊन तेच, वारा कुठला? पुण्याच्या उन्हाळ्याचा अंदाज वाचताना

एप्रिल लागला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत हवामानाच्या दोन बातम्या शेजारीशेजारी दिसू लागतात. एकीत पारा चाळिशीकडे निघालेला असतो, दुसरीत विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता असते. कधी दोन्ही गोष्टी एकाच अंदाजात येतात: पुढचे दोन दिवस दुपारनंतर आकाश ढगाळ, मेघगर्जनेसह हलका पाऊस, त्यानंतर कमाल तापमानात तीन ते चार अंशांची वाढ. वाचणारा वैतागतो. छत्री घ्यायची की टोपी, हे एकदाचे सांगून टाका म्हणतो. मग वेधशाळेच्या नावाने ठेवणीतले दोन-चार शेरे मारून पान उलटले जाते.

शेरे मारायला हरकत नाही, पण त्या अंदाजात विसंगती नसते. उन्हाची लाट आणि वळवाचा पाऊस यांना लागणारे इंधन एकच, ते म्हणजे तापलेले दख्खनचे पठार. त्या तापलेल्या जमिनीवर कोरडा वारा आला तर पारा चढत जातो. दमट वारा आला तर त्याच उष्णतेतून ढग उभे राहतात. म्हणून उन्हाळ्याचा अंदाज वाचताना तापमानाच्या आकड्याआधी वाऱ्याची दिशा पाहावी. तेवढे जमले की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

दोन दिवस, एक रस्ता

२०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राने ही दोन्ही रूपे लागोपाठच्या दिवशी पाहिली. रविवारी, १६ एप्रिलला नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा समुदाय तासन्‌तास उन्हात बसून होता. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी, १७ एप्रिलला, पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्याला वादळी पाऊस सुटला. पावसापासून आडोसा म्हणून काही जण महामार्गालगत एका होर्डिंगखाली थांबले होते. वाऱ्याने तो लोखंडी सांगाडा कोसळला आणि पाच जण दगावले.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खारघरच्या शेजारी कळंबोलीला सुरू होतो आणि किवळ्याला संपतो. म्हणजे ९४.५ किलोमीटरच्या एकाच रस्त्याच्या दोन टोकांना, चोवीस तासांच्या फरकाने, उन्हाळ्याने दोन वेगळ्या तऱ्हांनी माणसे नेली. मधे फक्त बोरघाट.

खारघरला पारा चाळिशीच्या आतच होता. मग एवढी माणसे कशी दगावली? किवळ्याला पाऊस काही ढगफुटीसारखा नव्हता. मग सांगाडा का कोसळला? या दोन प्रश्नांची उत्तरे सापडली तर पुण्याचा उन्हाळा समजला असे म्हणता येईल.

घाटामागचे शहर

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसले आहे. अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, पण मधे घाटाची भिंत. तिच्यामुळे पावसाळ्यात लोणावळ्याला धो-धो कोसळणारे ढग पुण्यात पोचेपर्यंत हलके झालेले असतात. वर्षाचा सगळा पाऊस धरून शिवाजीनगरला ७५० मिलिमीटरच्या आसपास पडतो. पूर्वेला दौंड, बारामती, सोलापूरकडे जावे तसे रान आणखी कोरडे.

कोरड्या हवेचा स्वभाव असा, की ती लवकर तापते आणि लवकर निवते. हवेत बाष्प कमी असले की रात्री जमिनीची उष्णता बिनबोभाट आकाशात निघून जाते. म्हणून पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये दुपारी ३८ आणि पहाटे २० अंश असा फरक पडतो. मुंबईकराला या पहाटेचा हेवा वाटतो, आणि पुणेकर ते श्रेय स्वतःकडे घेतो.

इथे एक गंमत आहे. सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो तो १३ मेच्या सुमारास. त्या दुपारी उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. हिशेबाने सर्वांत कडक महिना मे असायला हवा. प्रत्यक्षात पुण्याचे सरासरी कमाल तापमान एप्रिलमध्ये ३८ अंशांच्या आसपास असते आणि मेमध्ये ते अंशभराने उतरते. मे सरकू लागला की पश्चिमेचा समुद्री वारा बळावतो, दुपारी ढग धरू लागतात आणि ऊन थोडे अडते. किमान तापमान मात्र मेमध्ये वाढते, कारण बाष्प रात्रीची उष्णता अडवून धरते. दुपार सौम्य आणि रात्र उकाड्याची, ही मेची खूण. याचा अर्थ पुण्यात सूर्याच्या उंचीइतकाच वाऱ्याचाही शब्द चालतो.

तीन दिशांचे वारे

उन्हाळ्यात मध्य महाराष्ट्रावर तीन बाजूंनी हवा येऊ शकते. पहिली उत्तर आणि वायव्येकडून, राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भूमीवरून. ही तापलेली आणि बाष्पहीन. दुसरी पश्चिमेकडून, अरबी समुद्रावरून. हिच्यात बाष्प भरपूर, पण घाट चढून येताना ती उथळ होते. संध्याकाळी पुण्याला जो गार वारा सुटतो तो बहुतेक वेळा हाच. तिसरी आग्नेय आणि पूर्वेकडून, बंगालच्या उपसागरावरून आंध्र-कर्नाटक ओलांडत येणारी.

यातली कोरडी आणि दमट हवा जिथे समोरासमोर येते तिथे वाऱ्याच्या दिशा अचानक बदलतात. हवामान विभागाच्या अंदाजात उन्हाळाभर एक वाक्य फिरत असते: विदर्भापासून मराठवाडा, अंतर्गत कर्नाटक ते तमिळनाडूपर्यंत हवेचा कमी दाबाचा पट्टा किंवा खंडित वाऱ्यांची रेषा. बहुतेक वाचक हे वाक्य गाळून पुढे जातात. खरे तर अख्ख्या अंदाजाची किल्ली त्यातच असते. ही रेषा पश्चिमेला सरकून पुण्याजवळ आली की आपल्याकडे दमट हवा शिरते आणि वळवाची तयारी होते. ती पूर्वेला विदर्भाकडे सरकली की पुण्यावर वायव्येचा कोरडा वारा मोकळा सुटतो आणि पारा वर जातो. आधी दोन दिवस पाऊस, मग तीन-चार अंशांची वाढ, या अंदाजाचा अर्थ एवढाच, की ती रेषा सरकते आहे.

लाट म्हणजे वरून दबलेली हवा

उष्णतेची लाट म्हणजे नुसते कडक ऊन असा समज असतो. ऊन तर रोजच कडक असते. लाट येते तेव्हा वातावरणाच्या वरच्या थरात उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसते. त्याखाली हवा सावकाश खाली दबत राहते. हवा खाली आली की तिच्यावरचा दाब वाढतो आणि ती तापते. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की जवळजवळ दहा अंशांनी गरम होते. म्हणजे खालून जमीन तापवते आणि वरून दबलेली हवा त्यात भर घालते. या दाबाखाली ढग तयारच होत नाहीत. आकाश निरभ्र, जमिनीत ओल नाही, त्यामुळे उन्हाची सगळी ऊर्जा माती आणि हवा तापवण्यातच खर्च होते. जमीन ओली असती तर त्यातला बराच वाटा पाण्याची वाफ करण्यात गेला असता. म्हणूनच वळीव न झालेल्या उन्हाळ्यात लाटा अधिक चटके देतात.

शब्द म्हणून 'लाट' आपण सैलपणे वापरतो, पण हवामान विभागाची व्याख्या काटेकोर आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश हवे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त हवे. त्याहून जास्त फरक असेल तर ती तीव्र लाट. डोंगराळ भागासाठी ४० च्या जागी ३० अंश आणि किनारपट्टीसाठी ३७ अंश धरतात. पारा थेट ४५ ला टेकला तर सरासरी पाहायचे कारण उरत नाही, ४७ ला टेकला तर लाट तीव्र. शिवाय हवामानाच्या एका उपविभागात निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस हे घडावे लागते. मग दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

आता पुण्याचे गणित मांडा. एप्रिलअखेरची सरासरी ३८ च्या आसपास. तिच्यात ४.५ मिळवले की ४२.५. म्हणजे पुण्यात ४१ अंशांनी डांबर मऊ झाले, रिक्षावाल्यांनी दुपारच्या पाळीला रामराम ठोकला, तरी कागदोपत्री ती लाट नसते. शिवाजीनगरला २८ एप्रिल २०१९ रोजी ४३ अंशांची नोंद झाली. त्याआधीचा उच्चांक शोधायला थेट ३० एप्रिल १८९७ पर्यंत मागे जावे लागते. त्या दिवशी पारा ४३.३ वर गेला होता. अशी टोके क्वचित येतात. पण माणसाचे शरीर व्याख्या वाचून आजारी पडत नाही. अंदाजात 'लाट' हा शब्द नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

घामाचा हिशेब

खारघरचे उत्तर इथे सापडते. शरीर थंड ठेवायचे आपल्याकडे एकच खात्रीचे साधन आहे, घाम. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. वाळताना तो त्वचेची उष्णता घेऊन जातो. किनाऱ्याजवळच्या हवेत आधीच बाष्प भरलेले असते, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अशा हवेत ३६-३७ अंश म्हणजे कोरड्या हवेतल्या चाळिशीपेक्षा जड. त्यात सावली नाही, भोवती गर्दी, पाण्यापर्यंत पोचायला वाट नाही. शरीराचे आतले तापमान ४० अंशांपलीकडे गेले की मेंदू गडबडतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, शुद्ध हरपते. हाच उष्माघात.

पुण्याच्या कोरड्या उन्हात धोका उलट बाजूने येतो. इथे घाम इतक्या झटकन वाळतो की तो आलाच नाही असे वाटते. दुचाकीवरून हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्याचा शर्ट कोरडा असतो, पण लिटरभर पाणी आणि त्यातले मीठ अंगातून गेलेले असते. तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पुण्यात घामावरून नव्हे, घड्याळावरून पाणी प्यावे. पन्हे, ताक, कोकम सरबत यांत पाणी आणि मीठ दोन्ही मिळते. आपल्या आज्यांना क्षारांचे शास्त्र ठाऊक असो वा नसो, पेला बरोबर होता.

आणि सगळ्यांत फसवा दिवस कोणता, तर वळवाच्या पावसानंतरचा. आदल्या संध्याकाळी सरी पडल्या, माती भिजली, सकाळी पुन्हा लख्ख ऊन. पारा ३६-३७ म्हणजे सरासरीपेक्षाही कमी, पण ओल्या जमिनीतून वाफ उठत असते. पुण्याची हवा त्या दिवसापुरती कोकणाची झालेली असते. वर्तमानपत्रातला आकडा उतरलेला दिसतो आणि अंगाची मात्र काहिली होते. तापमानाबरोबर सापेक्ष आर्द्रता पाहायची सवय लागली तर हा दिवस ओळखता येतो.

वळवाचे इंजिन

आता किवळ्याकडे येऊ. सकाळी नऊपासून जमीन तापू लागते. जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर निघते. पण वर एक-दोन किलोमीटरवर अनेकदा उबदार, कोरड्या हवेचा थर आडवा पसरलेला असतो. खालची हवा त्याला धडकून थांबते. कुकरच्या झाकणासारखे काम हा थर करतो. आतली वाफ कोंडते आणि दाब वाढत जातो. झाकण घट्ट राहिले तर तो दिवस नुसत्या उकाड्याचा जातो. दुपारी तीन-चारच्या सुमारास कुठे पश्चिमेचा वारा घाटातून आत घुसला, कुठे डोंगरउतारावर हवा रेटली गेली, की झाकण एखाद्या जागी फुटते. सासवडच्या किंवा सिंहगडाच्या बाजूला पांढरा फुलकोबीसारखा ढग दिसू लागतो. अर्ध्या तासात तो बारा ते पंधरा किलोमीटर उंच चढतो. माथा सपाट पसरला, तळ काळवंडला, की समजावे, मालमसाला पक्का झाला. पुण्याकडे हे ढग अनेकदा पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून येतात. पावसाळ्यातले ढग पश्चिमेकडून येतात, त्यामुळे आभाळ कुठल्या बाजूने भरले यावरूनच जुनी माणसे वळीव ओळखतात.

उन्हाळ्यात पाच किलोमीटरच्या आसपास पाणी गोठण्याची पातळी असते. म्हणजे या ढगाचा वरचा निम्म्याहून जास्त भाग बर्फाचा. त्यात बर्फाचे हलके स्फटिक वर जातात, जड मऊ गारा खाली येतात, आणि त्यांची सतत टक्कर होते. टकरीत विद्युतभार वेगळे होतात. तो भार साठत साठत हवेला फोडून जमिनीकडे किंवा दुसऱ्या ढगाकडे झेप घेतो, ती वीज. तिच्या वाटेतली हवा क्षणार्धात तीस हजार अंशांच्या घरात तापते, स्फोटासारखी प्रसरण पावते आणि तोच गडगडाट. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो; वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची आपल्या डोक्यावरही पडू शकते.

गाराही इथेच घडतात. वर चढणारा झोत जोरदार असला की गार पुन्हापुन्हा वर उचलली जाते आणि तिच्यावर बर्फाचे थर चढतात. झोताला ती पेलेनाशी झाली की खाली येते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राने अशी गारपीट पाहिली, की गहू, हरभरा आणि द्राक्षबागा भुईसपाट झाल्या. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-खेडच्या शेतकऱ्याला एप्रिलमधला ढग पाहून धडकी भरते, कारण कांदा उपटून शेतात वाळत पडलेला असतो. चाळीत जाण्याआधी तो भिजला तर सडणार. शहरातल्या माणसाला वळीव म्हणजे मातीचा वास. वीस कोसांवर तोच वळीव म्हणजे ताडपत्र्यांची पळापळ.

पण किवळ्याचा सांगाडा पाडला तो पाऊस किंवा गार यांनी नव्हे, वाऱ्याने. हा वारा ढगाच्या पोटातून येतो, आणि तो किती जोराचा असेल हे ठरवण्यात खालच्या उन्हाचाच मोठा हात असतो. जुलैमध्ये ढगाचा तळ जमिनीपासून किलोमीटरभराच्या आतच असतो. एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की बाष्पाला ढग बनायला दोन-तीन किलोमीटर वर जावे लागते. आता पाऊस पडू लागला की थेंबांना या तापलेल्या, कोरड्या थरातून खाली यायचे असते. बरेच थेंब वाटेतच वाळतात. वाळताना हवेतली उष्णता शोषतात. थंड झालेली हवा जड होते आणि धाडकन खाली आदळते. जमिनीवर आपटली की तिला जायला जागा उरत नाही, म्हणून ती चहूबाजूंना पसरत सुटते. पाऊस यायच्या आधी धुळीचा लोट, दारे-खिडक्यांची आपटाआपट आणि पाच मिनिटांत आठ-दहा अंशांनी उतरणारा पारा, हे सगळे त्या पसरणाऱ्या हवेचे काम.

म्हणजे दुपार जितकी तापलेली आणि कोरडी, तितका संध्याकाळच्या वळवातला वारा धोकादायक. पाऊस किती मिलिमीटर पडला यावरून त्याचा अंदाज येत नाही. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळलेल्या १२० बाय १२० फुटांच्या होर्डिंगनेही हेच दाखवले. धुळीचे वादळ आले आणि १७ जणांचा जीव गेला. पाऊस आला की माणूस आडोसा शोधतो, आणि रस्त्यावरचा सगळ्यांत जवळचा आडोसा म्हणजे झाड, होर्डिंग किंवा पत्र्याची शेड. उन्हाळी वादळात नेमक्या याच तीन जागा टाळायच्या असतात.

कुठले तापमान, कुणाचे तापमान

गाडीच्या काचेमागे ४५ अंश दिसते, फोन ४२ म्हणतो, आणि वेधशाळा ३९.६ सांगते. तिघांत खोटे कुणी नाही. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीला, सावलीत आणि खेळत्या हवेत असतो. तो हवेचे तापमान मोजतो. गाडीचा संवेदक डांबराची धग आणि इंजिनाची ऊब खातो. रोज सकाळी ८.३० आणि संध्याकाळी ५.३० या ठरलेल्या वेळांना नोंदी घेतल्या जातात. त्यामुळे काल रात्री पडलेला पाऊस आजच्या सकाळच्या आकड्यात मोजला जातो.

शहरातही एक तापमान नसते. शिवाजीनगरचा आकडा शंभराहून अधिक वर्षांचा, म्हणून तुलना त्याच्याशी. लोहगावची मोकळी माळरानासारखी जागा दुपारी बहुतेक वेळा त्याहून जास्त तापते. टेकड्यांच्या कुशीतल्या पाषाणला पहाट गार असते. मगरपट्टा, कोरेगाव पार्ककडच्या दाट वस्तीत दुपार तेवढीच, पण रात्र काही अंशांनी उबदार. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्रभर ऊब सोडत राहते. लाटेच्या दिवसांत झोप मिळाली नाही की शरीराला सावरायला सवडच राहत नाही. म्हणून किमान तापमानाचा आकडाही कमालइतक्याच लक्षाने वाचावा.

अंदाज किती पुढचा, किती नेमका

पुण्याचा हवामानाशी संबंध जुना आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरची दगडी इमारत आणि तिच्या चौकाचे 'सिमला ऑफिस' हे नाव राहिले. १९६२ मध्ये उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था पुण्यात सुरू झाली. ती आज पाषाणला आहे. २०२४ मध्ये तिथे 'अर्क' हा महासंगणक आला आणि २६ मे २०२५ ला सहा किलोमीटरच्या चौकटींवर चालणारी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली. आधीच्या प्रणालीची चौकट बारा किलोमीटरची होती. योगायोग असा, की त्याच २६ मेला मोसमी पाऊस पुण्यात दाखल झाला, नेहमीच्या तारखेच्या दोन आठवडे आधी. त्या वर्षी मे महिना उन्हाळ्याचा कमी आणि पावसाचाच जास्त होता.

या चौकटीचा आपल्याशी थेट संबंध आहे. उष्णतेची लाट शेकडो किलोमीटर पसरते आणि चार-सहा दिवस टिकते. एवढी मोठी गोष्ट संगणकाला आठवडाभर आधीही बऱ्यापैकी दिसते. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा कल जाहीर होतो आणि उन्हाळ्याआधी तीन महिन्यांचाही. वळवाचा एक ढग मात्र पाच-दहा किलोमीटर रुंद आणि तासाभराचा सोबती. कोथरूडला झोडपून हडपसरला कोरडे ठेवणे हा त्याचा स्वभावच. तो नेमका कुठे फुटेल हे आदल्या दिवशी सांगणे अवघड; म्हणून 'तुरळक ठिकाणी' हा शब्द येतो. ती पळवाट नव्हे. जिल्ह्यातल्या थोड्याच ठिकाणी पाऊस पडेल, असा त्याचा नेमका अर्थ आहे. ढग जन्मल्यावर रडार आणि उपग्रहावर दिसतो, तेव्हा पुढच्या तीन तासांचा इशारा निघतो. विजेसाठी पुण्याच्याच संस्थेने 'दामिनी' ॲप बनवले आहे. जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की ते सावध करते.

तेव्हा लाटेची बातमी आठवड्याच्या नियोजनाला वापरावी, आणि वळवाची त्या संध्याकाळच्या. पिवळ्या इशाऱ्याला लक्ष ठेवावे, नारिंगीला तयारी करावी, लालला बेत रद्द करावा.

जे आपल्या हातात आहे

उन्हाळा दिवसेंदिवस कडक होतो आहे ही नुसती तक्रार नाही. पुण्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. हरितवायूंचे उत्सर्जन असेच चढत राहिले तर या शतकाच्या अखेरीस उष्णतेच्या लाटा तीन ते चार पटींनी वाढू शकतात, असेही त्यात म्हटले आहे. गरम हवा जास्त बाष्प धरते, त्यामुळे दमट वारा मिळाला तर ढगालाही जास्त इंधन मिळणार. म्हणजे दोन्ही बाजूंनी चढती कमान.

यावर उपाय शोधायला फार लांब जावे लागत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. त्यात अवघड तंत्रज्ञान काही नव्हते. किती अंशांना कोणता इशारा द्यायचा हे शहराच्या स्वतःच्या आकड्यांवरून ठरवले, दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना उष्माघात ओळखायला शिकवले, लोकांपर्यंत इशारा वेळेवर पोचेल अशी साखळी उभी केली.

पुण्यासारख्या शहराला त्यातली पहिली गोष्ट सर्वांत जास्त लागू पडते. इथे ४२.५ अंशांची वाट पाहिली तर बहुतेक उन्हाळे लाटेविना जातील आणि आजारी माणसे मात्र येतच राहतील. दुपारच्या ३९ बरोबर रात्रीचे २६ असले, किंवा वळवानंतरच्या ३७ बरोबर हवा दमट असली, तर तोही इशाऱ्याचा दिवस धरला पाहिजे. बांधकामावरच्या मजुराची दुपारची पाळी, शाळेच्या मैदानावरचा तास, मोकळ्यावरचा जाहीर कार्यक्रम या गोष्टी अशा दिवशी सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर नेता येतात. कुणी असंबद्ध बोलू लागला, अंग भाजून निघाले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत १०८ ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचे नाही. होर्डिंगचे सांगाडे आणि रस्त्यावरच्या पोकळ फांद्या तपासायच्या त्या मार्च संपायच्या आत, कारण पहिला वळीव तारीख सांगून येत नाही. गडगडाट ऐकू आला तर पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याचे छत असलेल्या बंद मोटारीत थांबायचे. दुचाकी बाजूला लावून झाडाखाली नव्हे.

हे सगळे करायला हवामानशास्त्राची पदवी लागत नाही. सकाळी अंदाज उघडला की चार प्रश्न विचारायचे: वारा कुठल्या दिशेचा आहे, हवेत दमटपणा किती, रात्रीचे तापमान किती राहिले, आणि खंडित वाऱ्यांची ती रेषा कुठे आहे. कमाल तापमानाचा आकडा पाचवा. पहिली चार उत्तरे मिळाली की टोपी घ्यायची की छत्री हे घरबसल्या ठरते, आणि एप्रिलमध्ये बऱ्याचदा उत्तर येते, दोन्ही.